होकार

‘हो’ हा शब्द बाहेर पडला तेव्हा सगळ्यांत जास्त दचकला तो स्वतःच. त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं. नाही, यांना नको, कालच्या त्या बाईंना काम द्या, असं अख्खं वाक्य त्याच्या डोक्यात काना-मात्रेसकट उभं होतं, आणि ओठांपर्यंत येईतो त्याचा ‘हो’ झाला. स्वच्छ, ठणठणीत ‘हो’. आजार झाल्यापासून इतका सुटा शब्द त्याच्या तोंडून बहुधा पहिल्यांदाच आला असावा, कारण शेजारी बसलेल्या बायकोचे डोळे एकदम भरून आले, आणि सामान हलवणाऱ्या कंपनीचा तो टायवाला माणूस खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "झालं की काकू. काकांनीच होकार दिला, आता आणखी काय पाहिजे?" बायको हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. त्याने चालता असलेला डावा हात उचलून हवेत आडवा हलवला, नको, नको. टायवाल्याला तो निरोप वाटला. त्यानेही उठून हात हलवला, कागद पिशवीत भरले, आणि बायको त्याला दारापर्यंत सोडायला गेली. जिन्यावरून त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, पुन्हा तेच: सगळं आमच्यावर सोडा, तुम्ही फक्त पुढे जाऊन पोचा. खोलीत तो एकटा उरला. समोरच्या भिंतीवर त्याच्या पाऱ्याच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या आणि तोंडात तो ‘हो’ अजून होता, चुकून चावलेल्या कडू बीसारखा.

उभी नोकरी त्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लाइन क्रॉस होते म्हणजे काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. माणूस बोलतो एकाशी, ऐकतो तिसराच, आणि दोघंही एकमेकांना शिव्या घालतात. तशी तक्रार आली की तो खुर्ची मागे सारून रॅकपाशी जायचा, तारांच्या जुडग्यात बोटं घालायचा आणि चुकलेली तार नेमकी हाताला लागायची. आता तो रॅक त्याच्या कवटीच्या आत होता आणि तिथे बोट जात नव्हतं. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं होतं की समज पूर्ण शाबूत आहे, फक्त बोलणं अडलंय आणि उजवी बाजू गेलीय. त्यांना सगळं विचारत जा, त्यांचं मत घेत जा, म्हणजे त्यांना बरं वाटेल. बायकोने हे औषधाच्या गोळीसारखं मनावर घेतलं. दूध आणू का, खिडकी लावू का, दिवा घालवू का, उशी उंच हवी का. दिवसभर ती विचारायची आणि तोंडाशी वाकून वाट बघायची. आणि त्याच्या तोंडून यायचं काय, तर हो किंवा नाही, दोनच. कधी बरोबर, कधी नेमकं उलटं. त्यात काही नियम असावा म्हणून त्याने पुष्कळ दिवस लक्ष ठेवलं. सकाळी बरोबर येतं का, पोट रिकामं असलं की येतं का, डोळे मिटून बोललं तर येतं का. नियम नव्हता. नको असलेलं दूध तो पीत राहिला. उकडत असताना लावलेली खिडकी बघत राहिला. कुणाचं काय बिघडतंय, त्याने स्वतःला सांगितलं, दूधच तर आहे.

नळ्यांचं मात्र तसं नव्हतं. हवेचा दाब मोजणाऱ्या त्या जुन्या नळ्यांच्या संग्रहाला घरात नाव पडलं होतं ‘हवामानखातं’. ते नाव त्याच्या मेहुण्याने ठेवलेलं. हा माणूस आला की दारातूनच विचारायचा, काय भावजी, आज खातं काय म्हणतंय, छत्री घेऊ का राहू दे. आणि मग चहा होईस्तोवर पारा चढण्यावरून बायकोला चिडवत बसायचा. तोही हसायचा. पण पाहुणे गेले की नळ्यांसमोर उभा राहायचा, तेव्हा त्याला हसू येत नसे. माणसाएवढ्या उंचीच्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकीवर एक काचेची लांब नळी, वरचं तोंड बंद, खाली पाऱ्याची कुपी. वर बंद तोंडाखाली काही बोटं जागा, आणि त्या जागेत काहीच नाही, हवासुद्धा नाही. लोकांना पारा दिसायचा. त्याला ती जागा दिसायची. कुणीतरी कितीतरी वर्षांपूर्वी एवढंसं ‘काही नाही’ काचेत कोंडलं आणि ते अजून तिथे आहे, या गोष्टीचं त्याला रोज नवल वाटत आलं होतं. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांची बोलणी कानावरून जायची, घरात मुलगी, नातलग, रेडिओ. ती एवढी जागाच काय ती गप्प होती.

पहिली नळी त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून आणली ती पायी. बसमध्ये बसायची हिंमत झाली नाही. पारा दिसतो शांत, पण अंगात शिशाहून जड. नळी उभी धरून चालायला लागलं की तो हिंदकळतो, वरच्या रिकाम्या जागेत उसळी घेतो आणि आतून हातोडीसारखा काचेवर बसतो. म्हणून नळी न्यायची तर आधी अगदी सावकाश कलती करायची. पारा सरकत सरकत ती जागा भरून टाकतो, टोकाला टेकताना ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज आला की मग नळी पुरती उलटी करायची. डोकं खाली. आणि तशीच, डोकं खाली ठेवून, जिथे न्यायची तिथे न्यायची. हे त्याला दुकानातल्या कुणी सांगितलं नव्हतं, त्याने पुस्तकं वाचून, उसन्या आणलेल्या एका फुटक्या नळीवर करून पाहून शिकून घेतलं होतं. आणि बायकोला त्याने हे कधीच सांगितलं नव्हतं. धूळ तो स्वतः पुसायचा. तिने फडकं उचललं की म्हणायचा, ते राहू दे, मी बघतो. बघायला तो नेहमीच असणार होता.

आता सगळंच हलायचं होतं. मुलीच्या गावी, ट्रकने दोन रात्रींच्या अंतरावर. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायकोचे गुडघे, त्याला धरून बाथरूमपर्यंत नेताना तिच्या तोंडातून निघणारा दबका आवाज. या सगळ्याची बेरीज दुसरी काही होणारच नव्हती. इस्पितळातून घरी आणल्यावर एका दुपारी तिने विचारलं होतं, जाऊया ना मुलीकडे? त्याला म्हणायचं होतं, थांब जरा, विचार करू. एवढं लांब काही त्याच्याजवळ नव्हतंच. तोंडातून ‘हो’ आलं आणि ती त्याच्या चांगल्या हातावर डोकं ठेवून मोकळेपणी रडली. त्यानंतर घराला गिऱ्हाईक आलं, कागद झाले, शेजारीण येऊन डबे मागून गेली. तो ‘हो’ खरा होता की क्रॉस झालेला, हे त्याने नंतर स्वतःलाच पुष्कळदा विचारलं. पण उत्तरावर बोट ठेवायला जावं तर ते बोटाखालून निसटायचं.

कालची बाई आली होती भर दुपारी, घामाघूम होऊन. स्वतःचेच ट्रक, भावाबरोबर धंदा, भाऊ खाली गाडीपाशी उभा. तिने कपाटं, पलंग, फ्रिज भराभर डोळ्यांखालून घातले आणि नळ्यांपाशी येऊन हात मागे बांधून थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की मला यातलं काही कळत नाही, आणि कळत नाही ते मी गाडीत टाकत नाही. असं म्हणून ती वळली ती त्याच्याकडे. गेल्या चार महिन्यांत घरात आलेला प्रत्येक माणूस आधी बायकोकडे वळला होता. "काका," ती म्हणाली, "हे कसं न्यायचं?" त्याचा डावा हात आपोआप वर गेला. मनगट वळवून दाखवायचं, एवढंच. कलतं, मग उलटं. पण हात पुरता वळायच्या आतच बायको घाईघाईने म्हणाली, त्यांना बोलता येत नाही हो. बाई म्हणाली, बोलायलाच पाहिजे असं नाही, मी पुन्हा येईन, कळवा. ती गेल्यावर बायकोने मुलीला फोन करून सांगितलं की बाई फटकळ आहे, तिने तर हातच झटकले. बायकोची त्यात चूक नव्हती. हात झटकणारी माणसं तिने चार महिने पुष्कळ पाहिली होती. आणि आज हा टायवाला आला, स्वच्छ कपड्यांचा, काकू काकू करणारा, फोटो घेऊन आलेला: सरळ उभ्या पेट्या, आत फोम, प्रत्येक पेटीवर वर दाखवणारा लाल बाण. "एक इंच आडवं होणार नाही काकू, शब्द देतो." ते ऐकून त्याने नळ्यांकडे पाहिलं. बायकोला मात्र त्यातलं दुसरंच वाक्य ऐकू आलं होतं: सगळं आमच्यावर सोडा. असं तिला कुणी म्हटलेलंच नव्हतं. तिचा चेहरा त्या वाक्याने असा सैल पडला की त्याला ते बघवेना. मग ती त्याच्याकडे वाकली, यांनाच देऊया ना? आणि तो म्हणाला, हो.

त्या दिवसापासून त्याने वस्तू उलट्या करायला सुरुवात केली. दुसरा काही उपाय त्याला सुचेना. चहाचा कप समोर आला, त्याने तो डाव्या हाताने सावकाश कलता केला, आणखी कलता केला आणि बशीत पालथा घातला. चहा चादरीवर पसरला. बायकोने चादर बदलली. दुपारी त्याने पाण्याचा पेला तसाच केला. हळू, अगदी हळू, तिला दिसावं म्हणून, आणि दुसऱ्या क्षणी नजर भिंतीकडे नेली, नळ्यांकडे, पुन्हा पेल्याकडे. बायकोने भिंतीकडे पाहिलं, तिथलं घड्याळ पाहिलं, आणि म्हणाली, गोळीला अजून वेळ आहे. संध्याकाळी औषधाची बाटली. दुसऱ्या दिवशी मुलीच्या लग्नाचा टेबलावरचा फोटो. फोटो उलटा ठेवल्यावर मात्र ती मटकन खाली बसली. आजारपणात कधीतरी तिच्या बोलण्यातलं ‘अहो’ गळून पडलं होतं आणि मुलाशी बोलावं तशी ती त्याच्याशी बोलू लागली होती. घे, उघड तोंड, शहाणा ना तू. "असं का करतोस रे?" ती म्हणाली. "मी काय वाईट केलंय तुझं?" त्याने जोरात मान हलवली. मान तरी खरी बोलेल असं त्याला वाटलं होतं, पण तीही वर-खाली हलली की आडवी, याची त्याला खात्री उरली नाही. आतल्या खोलीतून तिचं मुलीशी फोनवरचं बोलणं ऐकू आलं. सगळं पालथं घालतायत गं. चिडलेत माझ्यावर. डॉक्टर म्हणाले असं होतं, चिडचिड होते, मनावर घेऊ नका. त्याने डोळे मिटून घेतले. शब्द होता, हात होता, समोर प्रेम करणारं माणूस होतं. एवढं सगळं असताना दोन हातांवरच्या माणसापर्यंत साधी गोष्ट पोचवता येऊ नये, याला काय म्हणायचं? पाण्यात बुडणारा माणूस निदान ओरडतो तेव्हा लोकांना कळतं तरी की तो बुडतोय.

निळ्या शर्टातले दोघं सकाळीच आले. पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टीची कर्कश फाडाफाडी, लाल बाणांच्या चिकटपट्ट्यांचा अख्खा गठ्ठा. बायकोने त्याची खुर्ची दिवाणखान्याच्या कोपऱ्यात सरकवली, म्हणजे त्याला सगळं दिसेल, त्याला बरं वाटेल. भांडी गेली, पुस्तकं गेली. मग दोघांतल्या थोराडाने पहिली नळी खुंटीवरून उचलली, तीच, पायी आणलेली. त्याने ती छातीशी नीट उभी धरली, काठीसारखी सरळ, आणि चालायला लागला. माणूस हलगर्जी नव्हता, तो तर जास्तच जपत होता. पहिल्या पावलाला पारा हलला. दुसऱ्याला तो उसळला आणि खोलीच्या या टोकाला, खुर्चीत बसल्या जागी त्याला आवाज ऐकू आला, टक्. पुस्तकातला बारीक ‘टिक्’ नव्हे, दाराच्या कडीसारखा टक्. तिसऱ्या पावलाला त्याहून मोठा. छातीतला सगळा श्वास एकवटून त्याने ‘नाही’ म्हटलं, आणि खोलीभर आवाज घुमला, "हो! हो! हो!" निळ्या शर्टवाला थबकून हसला. दुसरा म्हणाला, काका खूश आहेत आज. "हो! हो!" तो ओरडत राहिला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, डोळ्यांतून पाणी, आणि जिभेवर तोच एक शब्द पुन्हा पुन्हा, आणि खरा शब्द मागे अडलेला, घरातल्याच माणसाला दारात अडवावं तसा. थोराडाने हुरूप येऊन पुढचं पाऊल जरा झपाट्याने टाकलं. काच फुटल्याचा आवाज अगदीच लहान झाला. नळीचं वरचं टोक सुटून खाली पडलं, खालची कुपी निखळली आणि पारा फरशीवर ओतला गेला, आणि ओतला जाताच त्याचे हजार मणी झाले. ते पलंगाखाली, खोक्यांखाली, भिंतीच्या कडेने पळत सुटले. दोघं गुडघ्यांवर बसून त्यांच्यामागे रांगत बोटं घालू लागले. धरायला गेलं की एकाचे चार होत होते.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ती कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडेच पाहत आली होती, इतके दिवस, शब्दाची वाट बघत. आता ती त्याच्या डोळ्यांकडे पाहत होती, खुर्चीच्या हातावर आवळून पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. तो अजून ओरडतच होता, हो, हो. "थांबा," ती म्हणाली, आणि हे कुणाला ते कुणालाच कळलं नाही, पण दोघं थांबले आणि तोही थांबला. ती हळूहळू त्याच्यापाशी आली. "अहो," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणता, ते नाही असतं का?" त्याच्या तोंडून आलं, "नाही." ती तशीच वाकून उभी राहिली. त्या उत्तराला दोन्ही बाजूंनी अर्थ होता आणि दोन्ही बाजूंनी नव्हता. पण ती शब्द ऐकत नव्हती. तिने त्या दोघांना सांगितलं की आज हे राहू दे, तुम्ही जा, तुमच्या साहेबांशी मी बोलते. ते खोकी तशीच टाकून गेले.

तिने झाडू आणला. त्याने खुर्चीच्या हातावर थापा मारायला सुरुवात केली, आणि या वेळी तिने विचारलं नाही, झाडू टाकून दिला आणि त्याच्या हाताकडे बघत राहिली. त्याने बोट दाखवलं: खिडकी, पाऱ्याची वाफ बाहेर जायला. तिने सताड उघडली. बोट: टेबलावरचं जाड लग्नपत्रिकेचं कार्ड, औषधाच्या थेंबांची नळी, झाकणाची बाटली. ती फरशीवर मांडी घालून बसली, गुडघे दुखत असताना, आणि कार्डाने मणी एकमेकांकडे लोटू लागली. दोन मणी भेटले की झटकन एक होत. बोट जिकडे वळेल तिकडे ती सरकत होती, पलंगाच्या पायापाशी, उंबऱ्याच्या फटीत, कपाटाखाली. बोलायची गरजच पडत नव्हती. मग त्याने पाण्याचा पेला मागितला, बोटानेच. तिने दिला आणि या वेळी डोळे बारीक करून पाहत राहिली. त्याने पेला कलता केला, थांबला, नळ्यांकडे पाहिलं, आणखी कलता केला. पाणी फरशीवर सांडलं. "उलटं?" ती पुटपुटली. "उलटं न्यायचं असतं हे?" ती उठली, भिंतीवरची दुसरी नळी दोन्ही हातांनी काढली, आणि त्याच्या बोटाकडे बघत, बोट थांबलं की थांबत, ती खाली नेऊ लागली. पारा सरकत वर गेला, ती रिकामी जागा भरून आली, आणि खोलीत बारीक ‘टिक्’ झालं. त्याचं बोट पुढे वळलं. तिने नळी पुरती उलटी केली आणि छातीशी धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर शरम होती, की हसू होतं, की दोन्ही.

फोन तिनेच केला, त्या फटकळ बाईला. काका दाखवतील म्हणाली. पलीकडून बाई काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण बायको म्हणाली, हो, हाताने, कळतं सगळं, मला कळतं आता. फोन ठेवून ती त्याच्या खुर्चीजवळच्या खोक्यावर बसली. तिचे हात मांडीत पडले होते. खिडकीतून वारा येत होता. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला दिसत होतं की ती मनाने मागे मागे चाललीय. दूध. खिडकी. दिवा. उशी. प्रत्येक प्रश्नापाशी थांबून ती तो उलटा करून बघत होती. कुठे चाललीय ते त्याला आधीच कळलं. तिला अडवावं म्हणून त्याने हात पुढे केला. तिने तो हातात घेतला.

"मुलीकडे जाऊया का, असं मी विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. तुम्ही हो म्हणालात." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी घर विकलं."

त्याने ठरवलं. खरं काय होतं ते शोधायचं नाही, ते कधीच हाताला लागणार नाही. तिला हो म्हणायचं. हो, मला यायचं होतं, माझ्याच मनाने यायचं होतं, तू घर विकलंस ते बरं केलंस, तुझे गुडघे, तुझी झोप, हो. इतक्या मनापासून त्याला आयुष्यात कधीच काही म्हणावंसं वाटलं नव्हतं. सगळा श्वास गोळा करून त्याने तो एक शब्द पुढे ढकलला, कुठल्या तारेवर पडेल त्याची पर्वा न करता, आणि तोंड उघडलं.

तिने झटकन तळहात त्याच्या ओठांवर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या."

ओठ हलले. शब्द आला होता, तो तिच्या हातात गेला. कुठला ते त्याला ऐकू आलं नाही. तिच्या तळहाताला कळलं असेल. पण तिने हात काढला नाही.